नववा रकाना

१९ जानेवारी २०२६, सोमवार. भोर

कार्यालयाने दिलेल्या दैनंदिनीत सात रकाने आहेत: तारीख, ठिकाण, अंतर, भेटलेली व्यक्ती, काम, निष्कर्ष, सही. सात रकान्यांबाहेरचं काही लिहायची वेळ येईल असं वाटलं, म्हणून स्टँडसमोरच्या दुकानातून ही वही घेतली. ही कोणाला दाखवायची नाही.

माझं काम असं. राज्याचं निधी मंडळ इतिहास, भाषा, समाजशास्त्र अशा विषयांतल्या संशोधनाला पैसे देतं. आजवर ते तज्ज्ञांच्या शिफारशीवर मिळत. म्हणजे एका प्राध्यापकाने दुसऱ्याबद्दल बरं लिहायचं आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याने पहिल्याबद्दल. आता पद्धत बदलायची आहे. संशोधकाने गोळा केलेल्या माहितीतला नमुना बाहेरच्या माणसाने जागेवर जाऊन तपासायचा आणि शंभरपैकी गुण द्यायचे. सत्तर किंवा वर असतील तर निधी चालू. खाली असतील तर ३१ मार्चला बंद. आधी बारा प्रकल्पांवर करून बघायचं ठरलं आहे.

तपासणीचा साचा मी तयार केला. अकरा प्रकल्पांची तपासणी इतरांनी केली. बारावी मी मागून घेतली. मी शिक्षणाने नकाशांची अभियंता आहे. आपण केलेलं यंत्र एकदा तरी आपण चालवून बघावं.

खोली बरी आहे. पाणी सकाळी साडेसहा ते सात. फोन आला होता, उचलला नाही.

२१ जानेवारी, बुधवार. भोर

प्रकल्पाच्या प्रमुखांना भेटले. सुलक्षणाताई. पन्नाशीच्या, इथल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवतात. चार वर्षं त्या भोर आणि वेल्हे तालुक्यांतल्या लहान जागांची नावं गोळा करत आहेत. भाताचं खाचर, टेप म्हणजे टेकाड, ओहोळ, खडक, झरा. सरकारी नकाशावर ज्यांना नाव नाही, पण गावात आहे, अशा जागा. आजवर १६४० नोंदी. (वेल्हे तालुका आता कागदावर राजगड आहे. माझ्या यादीत राजगड, एसटीच्या पाटीवर वेल्हे. मी इथे लोक म्हणतात तसं लिहिते.)

या सगळ्याचा उपयोग काय, हा प्रश्न माझ्या साच्यात नाही. मुद्दाम नाही. उपयोगाला गुण देता येत नाहीत. नोंद खरी की खोटी, एवढं तपासता येतं.

मी त्यांना पद्धत सांगितली. १६४०पैकी साठ जागा संगणक निवडेल: भोरच्या वीस, वेल्ह्याच्या चाळीस. प्रत्येक जागी आसपासच्या तीन रहिवाशांना वेगवेगळं विचारायचं, या जागेला काय म्हणतात. नाव आपण सुचवायचं नाही. तिघांतल्या दोघांचं उत्तर नोंदीशी जुळलं तर नोंद सिद्ध.

त्यांनी कपाटातून जाड वही काढली आणि म्हणाल्या, "एक सांगते. हा नववा रकाना आहे ना, तो जरा..."

मी म्हटलं, "माहितीची फाइल मला मिळाली आहे. आणि आजपासून तपासणी संपेपर्यंत आपण प्रकल्पाबद्दल बोलायचं नाही. नियम दोन."

"माझ्याशीच नाही बोलायचं?"

"विशेषतः तुमच्याशी."

त्यांनी वही मिटली. म्हणाल्या, "बरं. चहा तर घ्याल? त्याला नियम नाही ना?" मी घेतला.

नववा रकाना मी पाहिलेला आहे. शीर्षक फक्त 'घरातून'. काही ठिकाणी मोकळा, काही ठिकाणी आणखी एक नाव. माझ्या साच्यात एका जागेला एकच नाव बसतं. त्याशिवाय जुळणी करता येत नाही. म्हणून माहिती साच्यात घेताना तो वगळला आहे.

२७ जानेवारी, मंगळवार. भोर

मार्गासनीपासून सुरुवात. बरोबर वैष्णवी. ती सुलक्षणाताईंची क्षेत्र सहायक, विंझरची, एम.ए. झालेली, पंचवीस वर्षांची. वेल्ह्याच्या बहुतेक नोंदी तिने घेतल्या आहेत. ती फक्त वाट दाखवणार. नियम तीन: वाटाड्याने साक्षीदाराच्या उत्तरात भाग घ्यायचा नाही. तिला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "हुं म्हटलेलं चालेल का?" मी नाही म्हटलं.

जीप गोरखची. नसरापूरपासून मार्गासनीपर्यंत तो एकटाच बोलत होता.

"म्याडम, नावं गोळा करायला सरकार पैसं देतंय व्हय?"

"हो."

"आन ती बराबर हायत का बघायला तुमाला येगळं?"

"हो."

"आमच्या मार्गासनीत लोकं दुसऱ्याला नावं ठिवत्यात, ती पन फुकट. आमी येडंच म्हनायचं."

वैष्णवी खिडकीकडे तोंड करून हसली.

आज पाच जागा. दोन सिद्ध, तीन असिद्ध. पहिल्याच दिवशी हे अपेक्षित नव्हतं. एका बाईंनी, त्यांच्याच घरामागच्या खाचराचं नाव विचारल्यावर, "तिला इचारा" म्हणून शेजारी बसलेल्या बाईकडे बोट दाखवलं. ती परगावची पाहुणी निघाली. 'उत्तर नाही' अशी नोंद केली.

३ फेब्रुवारी, मंगळवार. भोर

विंझर झालं. अकरापैकी पाच. आकडे बरोबर भरले आहेत, तीनदा बघितले.

दोन फोन. एकाला लिहून उत्तर दिलं: 'कामात आहे. हो की नाही, ३१ मार्चपर्यंत सांगते.' मुदत दिली की माणूस शांत होतो असा अनुभव होता. या माणसाला तो लागू दिसत नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार. भोर

हिरडवाडी. वेल्ह्याच्या वर दीड तास चढ. नऊ घरं, सगळी धनगरांची. गाई, म्हशी, थोड्या शेळ्या. कर्ते पुरुष जनावरांमागे गेलेले किंवा पुण्यात कामाला. घरी बायकाच, पण वीस वर्षांहून जास्त इथे राहणाऱ्या, म्हणजे नियमात बसणाऱ्या.

आज नोंद क्रमांक ४१. वाडीच्या वर सपाटी आहे, तिथून दोन्ही खोरी दिसतात. मोबाईलला रेंज फक्त तिथेच, त्यामुळे वाडीतलं प्रत्येक जण दिवसातून एकदा तिथे येतं. वहीतलं नाव: रायबाचा टेप.

कोंडाबाई गोवऱ्या थापत होत्या. साठीच्या. हात धुऊन माझ्याबरोबर वर आल्या.

"मावशी, या जागेला काय म्हणतात?"

"हिला? वरलं बसणं."

"आणखी काही नाव आहे?"

"हाय की."

"काय?"

"ते म्या न्हाई सांगायची. ह्या पोरीला इचार, ती सांगंल."

वैष्णवीने तोंड उघडलं. मी हात वर केला.

"अगं बोलू दे की तिला," कोंडाबाई म्हणाल्या. "का तोंड शिवून आणलंयास तिचं?"

दुसऱ्या साक्षीदार बनाबाई, कोंडाबाईंच्या धाकट्या जाऊ. वरलं बसणं. तिसरी कोंडाबाईंची सून. वरलं बसणं. तिघींना वेगवेगळं विचारलं होतं. तिघींचं एकमत, आणि नोंदीशी मात्र नाही. साच्याच्या दृष्टीने याहून वाईट निकाल नसतो: साक्षीदार विश्वासार्ह, नोंद चूक.

पुढची जागा झरा. वहीत 'गेनबाचं पाणी'. बनाबाई म्हणाल्या, "आमच्या घरचं पानी."

"ते झालं. पण नाव काय?"

"तेच की. घरच्यांचं." मग वैष्णवीकडे वळून, "शिकल्याली हाय ना गं ही?"

दोघी जावा हसल्या. माझ्या हातातला टॅब त्यांना विचित्र वाटत असावा.

'म्या न्हाई सांगायची' हे दिवसात चौथ्यांदा ऐकलं. जमिनीवरून भाऊबंदांत वाद असावा, म्हणून नाव घ्यायला नको वाटत असेल. शेऱ्यात तसं लिहिलं. निघताना कोंडाबाईंनी ताक दिलं. चांगलं होतं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार. भोर

भोर तालुक्यातलं आंबवडे आणि आसपास. देवळाच्या कट्ट्यावर आणि झुलत्या पुलाजवळ माणसं बसलेलीच होती, शोधावी लागली नाहीत. वीस जागा तीन दिवसांत संपल्या. वीसपैकी एकोणीस सिद्ध.

वेल्हे चाळीसपैकी सोळा.

साचा तोच. मी तीच. फरक राहतो तो नोंद घेणाऱ्याचा. भोरच्या नोंदी सुलक्षणाताईंनी स्वतः घेतल्या आहेत, वेल्ह्याच्या वैष्णवीने.

हे लिहायला मला आवडत नाही. पण आकड्यांतून दुसरं काही निघत नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार. भोर

वैष्णवीला सरळ विचारलं. "हिरडवाडीच्या नोंदी घेताना तू प्रत्यक्ष वर गेली होतीस का?"

ती म्हणाली, "तुमीच म्हनाला ना, बोलायचं न्हाई."

"या प्रश्नाचं उत्तर द्यायला हरकत नाही."

"सात वेळा गेले. पावसात बी. कोंडाआत्याला ताप होता तवा दोन दिवस राहिले."

"मग एकीनेही तू लिहिलेलं नाव का सांगितलं नाही?"

"सांगू?"

नियमाप्रमाणे स्पष्टीकरण प्रकल्पाकडून लेखी यायला हवं, आणि तेही अहवालानंतर. मी म्हटलं, लेखी द्या. ती म्हणाली, "र्‍हाऊ द्या." घरी गेली. साधारणपणे ती जीपमध्ये पुढे बसून गोरखशी भांडत जाते. आज एसटीने गेली.

२० फेब्रुवारी, शुक्रवार. भोर

अहवाल पाठवला. साठपैकी पस्तीस सिद्ध. गुण ५८.३३. शेऱ्यात एक वाक्य: 'वेल्हे तालुक्यातील नोंदी क्षेत्र सहायकाने प्रत्यक्ष न जाता भरल्याची शक्यता नाकारता येत नाही.' शक्यता नाकारता येत नाही, एवढंच लिहिलं आहे. ते अचूक आहे.

पाठवल्यावर समाधान वाटायला हवं होतं. चहा कडू लागला. साखर घालायची राहिली होती.

२ मार्च, सोमवार. भोर

सुलक्षणाताईंचा एका ओळीचा निरोप. 'वैष्णवी शिरवळच्या कंपनीत लागली. अहवाल तिने वाचला. माहितीसाठी.'

मला पुण्याला परतायची परवानगी आहे. मी महिनाअखेरपर्यंत मुदत मागितली. कारणाच्या जागी 'प्रलंबित काम' लिहिलं. कोणतं, ते मलाही सांगता आलं नसतं.

१० मार्च, मंगळवार. भोर

सविस्तर लिहिते.

गोरख वेल्ह्याला निघाला होता म्हणून बरोबर गेले. काही ठरवलं नव्हतं. विंझरला एका दुकानात झेरॉक्स काढायला उतरले. तिथेच ऑनलाइन अर्ज भरून देतात. रेशनच्या केवायसीसाठी बायकांची रांग. रांगेत बनाबाई. मला बघून म्हणाल्या, "आली का तपासनी?"

त्यांचा नंबर लागला. दुकानदाराने संगणकावरून मान न उचलता विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

बनाबाईंनी मागच्या बाईला कोपराने ढोसलं. ती म्हणाली, "गेनबा."

दुकानदाराने टाइप केलं. "सासऱ्याचं?"

कोपर. "ज्ञानू."

कोणालाही काही वाटलं नाही. रांग पुढे सरकली. मागची आता पुढे आली आणि तिच्या नवऱ्याचं नाव बनाबाईंनी सांगितलं.

मी तिथे उभी होते. झेरॉक्सवाल्याने तीनदा विचारलं, किती कॉपी.

माझी आजी आजोबांचं नाव घेत नसे. हे मला माहीत होतं. कोणालाही माहीत असतं. पण ते माणसाचं नाव. टेपाचं नाव, पाण्याचं नाव, खाचराचं नाव हेही तेच नाव असू शकतं, आणि मग बाई तेही घेणार नाही, हे मला सुचलं नाही. बनाबाईंना मी त्यांच्या नवऱ्याचं नाव विचारत होते. रांगेतल्या बाईकडून कळलं, रायबा त्यांचे थोरले दीर, तेही त्या घेणार नाहीत. कोंडाबाईंचे यजमान रायबा. सुनेचा सासरा रायबा. एका सपाटीवर तिघींना मी वेगवेगळं विचारलं, आणि तिघींनी मिळून एका माणसाचा मान ठेवला.

म्हणून त्या वैष्णवीकडे बोट दाखवत होत्या. तिचं लग्न झालेलं नाही आणि ती त्या घरची नाही. ती सांगू शकली असती. मी तिला बोलू दिलं नाही.

मी दुकानातच बनाबाईंना विचारलं, "हे तेव्हा का नाही सांगितलं?"

"काय?"

"की नाव घेत नाही म्हणून."

"आता ते काय सांगायचं?" त्या खरोखर चकित झाल्या होत्या. "तू बी बाईमानूसच की गं."

११ मार्च, बुधवार. भोर

नववा रकाना परत जोडला. दहा मिनिटांचं काम.

नोंद ४१, रकाना ४: रायबाचा टेप. रकाना ९, घरातून: वरलं बसणं.

गेनबाचं पाणी. घरातून: घरचं पाणी.

पंचवीस असिद्ध नोंदींपैकी बावीस शब्दाला शब्द जुळल्या. गुण ९५. तीन अजून कळत नाहीत.

मग साक्षीदार मोजले. वेल्ह्यात १२० साक्षींपैकी १०४ स्त्रियांच्या. आंबवड्याकडे ६०पैकी ५१ पुरुषांच्या. स्त्री की पुरुष हा रकाना माझ्या साच्यात पहिल्यापासून होता. मी तो भरत होते. बघितला नव्हता.

१३ मार्च, शुक्रवार. भोर

सुलक्षणाताईंकडे गेले. सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मला मात्र तेच अवघड गेलं.

शेवटी म्हणाल्या, "मी पहिल्याच दिवशी सांगत होते."

"हो. मी थांबवलं."

"मला वाटलं, रकाना तुमच्याकडे गेलाच आहे, दिसेल."

"तो मी वगळला होता."

त्यांनी चार वर्षांपूर्वीची पहिली वही काढली. पानंच्या पानं तांबड्या शाईने खोडलेली. "हे मी खोडलेलं," त्या म्हणाल्या. "पुरुषांनी एक सांगितलं, बायकांनी दुसरं. मी ठरवलं, बायकांना नीट माहीत नाही. वर्ष गेलं त्यात. वैष्णवी कामावर आली आणि पहिल्या आठवड्यात म्हणाली, ताई, तुम्ही हे का खोडता? तो नववा रकाना तिचा आहे."

मी विचारलं, "अर्जात हे का नाही लिहिलंत?"

"अर्जात दोनशे शब्द होते. त्यात 'समाजाला उपयोग' लिहायचा होता. मी पाणलोट क्षेत्र, पर्यटन असलं लिहिलं. मंजूर झालं." मग म्हणाल्या, "पैसे मिळायला एक लिहावं लागतं आणि काम दुसरंच असतं. तुमची पद्धत आली तेव्हा मला बरं वाटलं होतं, खरं सांगते. म्हटलं, निदान कोणी जागेवर जाऊन तरी बघेल."

हे त्या टोचून बोलल्या की नाही, ठरवता आलं नाही.

१६ मार्च, सोमवार. पुणे

मंडळात सदस्य सचिवांना भेटले. दुरुस्तीचं टिपण दिलं. त्यांनी पहिलं पान वाचलं आणि चष्मा काढला.

"म्हणजे गुण बदलायचे?"

"या प्रकल्पाचे पंचाण्णव. पण मुद्दा तो नाही. इथे मी एक रकाना वगळला. बाकी अकरा प्रकल्पांतही माहिती याच साच्यातून गेली आहे. जे बसलं नाही ते तिथेही वगळलं गेलं असणार."

"काय वगळलं गेलं?"

"माहीत नाही."

"मॅडम, माहीत नाही हा निष्कर्ष नसतो. पाच प्रकल्प तुमच्या गुणांवर बंद होतायत. त्यातले दोन तर मला स्वतःला फालतू वाटतात. तेही चालू ठेवायचे?"

"ते फालतू आहेत हे साच्यातून ठरत नाही, एवढंच मी म्हणतेय."

"मग कशातून ठरतं?"

जुन्या पद्धतीत एखाद्या जाणत्या प्राध्यापकाने नववा रकाना बघितला असता आणि हसून सही केली असती. पण त्याच प्राध्यापकाने मित्राच्या रिकाम्या वहीवरही तशीच सही केली असती. मंडळाच्या जुन्या फायली मी वाचल्या आहेत. मी साचा केला तो त्या फायली वाचून. त्या फायली अजूनही तितक्याच वाईट आहेत. आणि साचाही. दोन्ही एकाच वेळी कसं, हे मला मांडता येत नाही.

साहेब म्हणाले, "हे तुमच्या सहीने आलंय. तुमच्याच सहीने मागे घ्या. मग जे होईल ते होईल, तुमचंही."

खालच्या उपाहारगृहात बसून पत्र लिहिलं. चार ओळींना पावणेदोन तास लागले. 'साचा सदोष आहे. बाराही प्रकल्पांचे गुण रद्द समजावेत. वेल्हे येथील क्षेत्र सहायकाबाबतचा शेरा निराधार होता. तो मी लिहिला.' शेवटचं वाक्य आधी 'लिहिला गेला' असं झालं होतं. दुरुस्त केलं.

फोन आला. उचलला. 'पुण्यात आहेस?' विचारलं गेलं. मी म्हटलं, आहे, पण ३१ तारीख अजून लांब आहे. पलीकडून हसू आलं. माझ्या बोलण्यावर लोक अलीकडे हसतात.

२४ मार्च, मंगळवार. भोर

निर्णय आला. बाराही प्रकल्पांना सहा महिने मुदतवाढ. तपासणीचा साचा पुढील आदेशापर्यंत स्थगित. माझी १ एप्रिलपासून संगणक कक्षात नेमणूक, म्हणजे छापायच्या यंत्रांवर देखरेख.

सुलक्षणाताईंना कळवलं. "सहा महिने," त्या म्हणाल्या. "दोन वाड्या होतील. वैष्णवी असती तर पाच."

२९ मार्च, रविवार. भोर

वैष्णवीला फोन केला. माफी मागितली. तयार वाक्य होतं, त्यातलं निम्मं म्हटलं. ती म्हणाली, "पत्र वाचलं मी. ताईंनी दाखवलं."

"मग परत येशील?"

"न्हाई." मग म्हणाली, "कंपनीत दिवसभर डबे मोजते. पण तितं कोणी खोटी म्हनत न्हाई."

मी म्हटलं, मला जायच्या आधी एकदा हिरडवाडीला जायचं आहे, वाट पूर्ण लक्षात नाही. वाट माझ्या टॅबमध्ये मीटरपर्यंत आहे. तिलाही ते माहीत आहे.

"मंगळवारी सुट्टी असती माझी," ती म्हणाली.

३१ मार्च, मंगळवार. हिरडवाडी

हे जागेवरच लिहीत आहे.

वैष्णवी पुढे, मी मागे, असं चढत होतो. खालच्या उतारावर भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाले होते, जमीन काळी होती. निम्म्यावर ती थांबली आणि म्हणाली, "आता इचारा तुमाला काय इचारायचं ते. नियम न्हाई ना आज?" मी विचारलं, त्या तीन नोंदींचं काय, ज्या अजून जुळत नाहीत? तिने दोन सांगितल्या. एका घरात थोरल्या मुलाचं नाव सोमनाथ, म्हणून आई 'सोमनाथाचा माळ' म्हणत नाही. पहिल्या मुलाचंही घेत नाहीत कुणी कुणी. हे नवव्या रकान्यात नव्हतं. "मलाच उशिरा कळलं. लिहायचं र्‍हायलं होतं." तिसरीचं तिलाही माहीत नव्हतं. ती म्हणाली, ती आंबवड्याची, ती ताईंची चूक असणार, आणि पहिल्यांदा हसली.

कोंडाबाई आणि बनाबाई टेपावरच होत्या, कोंडाबाईंना लेकीला फोन करायचा होता. मी टॅब काढला. साचा स्थगित आहे, या नोंदीला आता काही किंमत नाही. तरी क्रमांक ४१ उघडला. नावाच्या रकान्यापुढे लाल तारा असतो. तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तो मी काल रात्रीच काढला आहे. आता रकाना मोकळा सोडता येतो, आणि दोन नावंही लिहिता येतात.

"मावशी, या जागेला काय म्हणतात?"

"पुना तेच?" कोंडाबाई म्हणाल्या. "वरलं बसणं."

"आणि दुसरं वैष्णवी सांगेल."

वैष्णवीने सांगितलं. कोंडाबाईंनी ते ऐकताना पदर सारखा केला.

"पण खरं नाव कोणतं यातलं?" मी विचारलं.

"दोनी खरी. ज्येच्या तोंडात जे बसंल ते." मग म्हणाल्या, "घ्यायचं न्हाई म्हनून ध्यानात ठिवावं लागतंय बग. बोलताना चुकून निसटंल, म्हनून सारखं ध्यान त्याच्यावरच."

मी हे लिहीत होते, तेवढ्यात फोन वाजला. इथे रेंज आहे हे विसरले होते. स्क्रीनकडे बघितलं आणि पालथा ठेवला.

"कोनाचा गं?" कोंडाबाईंनी विचारलं.

"आहे एकाचा."

"त्येला नाव न्हाई व्हय?"

"आहे."

त्यांनी बनाबाईंकडे बघितलं. बनाबाईंनी वैष्णवीकडे. मग तिघी हसायला लागल्या, वैष्णवी तर खाली बसली.

"कळलं बाई हिला आता," बनाबाई म्हणाल्या.

मी म्हटलं, हो, साच्यात तशी दुरुस्ती केली आहे. त्यावर त्या आणखीच हसल्या.

नोंद ४१. नावं दोन. सिद्ध. साक्षीदारांच्या हसण्याचं कारण: उत्तर नाही.

फोन परत वाजतो आहे. आज मुदतीचा दिवस, उचलायला हवा. या तिघी जरा लांब जातील तर बरं. पण कोणी हलत नाही.